छपराच्या कड्यांना जॉइस्ट हँगर बसवताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घोडबंदर रस्त्यालगतच्या बंगल्यांवर आणि बेलापूर-नेरुळच्या रो-हाउसच्या गच्च्यांवर लाकडी छप्पर घालताना कड्या तुळईला जोडण्यासाठी आता जॉइस्ट हँगर सर्रास वापरले जातात. मात्र काम पूर्ण झाल्यावर खालून पाहिले की त्याच त्या गोष्टी दिसतात: निम्मी भोके रिकामी, उरलेल्यांत काळे जिप्सम स्क्रू, कडी बैठकीपासून बोटभर उचललेली आणि जागा पुरली नाही म्हणून कापून टाकलेला एक कान. हँगर ही वाकवलेल्या पत्र्याची साधी वस्तू आहे आणि तिची ताकद तिच्या भोकांत जाणाऱ्या खिळ्यांवर ठरते. खिळा, भोक आणि बैठक या तीन गोष्टी नीट जमल्या, तर बाकीचे काम कोणताही चांगला सुतार सहज करतो.

पुढे वापरलेले शब्द आधी स्पष्ट करतो. ज्यावर भार जातो ती तुळई, तुळईच्या बाजूला येऊन टेकतात त्या आडव्या कड्या आणि उतरत्या छपराचे ते वासे. हँगरच्या ज्या दोन पट्ट्या तुळईला चिकटतात ते कान, कडीच्या दोन्ही बाजूंना येतात त्या बगला आणि कडी जिच्यावर बसते ती बैठक. गच्चीवर कायमचे छप्पर घालायचे असल्यास महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेऊनच पुढचे वाचावे. तुळया-कड्यांचे माप आणि भाराचा हिशेब त्यानेच ठरवायचा आहे.

## टप्पा १: खालचा भार आणि वरचा वारा

हँगर निवडण्याआधी एका कडीच्या टोकावर किती भार येणार ते माहीत हवे. समजा, कड्या ३ मीटर लांबीच्या आहेत आणि एकमेकींपासून अर्ध्या मीटरवर आहेत. मग प्रत्येक टोकाच्या वाट्याला पाऊण चौरस मीटर छप्पर येते. रीपांसह मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो आणि ज्या छपरावर नेहमी कोणी चढत नाही त्याचा हिशेबात धरायचा भार ७५ किलो मानला, तर एका टोकावर सुमारे १०५ किलो येतात. लाकडाचे स्वतःचे वजन वेगळे. हा भार योग्य हँगर विनासायास पेलतो.

खरी अडचण वाऱ्याची आहे. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे, आणि त्यातल्या ०.६ गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने गुणक लावण्यापूर्वीचा ढोबळ दाब चौरस मीटरला जवळपास ११८ किलो निघतो. म्हणजे बाजू उघड्या असलेले छप्पर वादळात वर उचलले जात असताना कौलांचे वजन त्याला धरून ठेवायला पुरत नाही, आणि पॉलिकार्बोनेट किंवा पत्र्याचे छप्पर तर फारच हलके असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईच्या किनाऱ्यासमोरून गेले. हा हिशेब आपल्याकडे कागदावरचा नाही. म्हणून हँगरच्या माहितीपत्रकात खाली दाबणाऱ्या भाराचा आकडा आणि वर उचलणाऱ्या भाराचा आकडा हे दोन्ही पाहावेत. दुसरा आकडा बहुधा पहिल्यापेक्षा बराच कमी असतो आणि तो बगलांमधल्या खिळ्यांवर अवलंबून असतो.

## टप्पा २: आधी लाकडाला रंधा, मग हँगरची खरेदी

या टप्प्याचा क्रम जवळपास प्रत्येक जण उलटा करतो. वखारीत दोन बाय पाचची कडी म्हणून घेतलेला नग रंधा मारल्यावर दोन इंच उरत नाही. ५० मिलिमीटरची जाडी ४५ ते ४६ वर येते. आधीच आणलेल्या ५० मिलिमीटरच्या हँगरमध्ये ती सैल बसते, मग बगलेत पातळ चिपा ठोकल्या जातात आणि बगलेतला खिळा आधी चिपेतून व मग कडीत जात असल्याने त्याची पकड तेवढी कमी होते. लाकूड कापून, रंधून, व्हर्नियरने (जाडी अचूक मोजण्याच्या कॅलिपरने) तीन-चार ठिकाणी मोजूनच हँगरचे माप सांगावे. बगल आणि कडी यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहू नये. हँगरची उंची कडीच्या उंचीच्या निदान ६० टक्के असावी. त्यापेक्षा आखूड हँगरमध्ये कडी वरून आडवी कलंडू शकते, आणि तिथे कड्यांच्या मध्ये आडवे ठोकळे घालणे भाग पडते.

ओलावा हाही याच टप्प्याचा विषय आहे. पावसाळ्यात वखारीच्या उघड्या शेडमध्ये पडून राहिलेले लाकूड ऑक्टोबरात छपरावर चढवले, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते आडव्या दिशेने आक्रसते. कडीची उंची कमी होते, पण बगलेतले खिळे तिला आहे तिथेच धरून ठेवतात, त्यामुळे बैठकीत फट पडते आणि सगळा भार खिळ्यांवर येतो. मॉइश्चर मीटर महाग नाही. वाचन १५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळती राहील असे रचून ठेवावे.

इशारा: हिरवट झाक असलेल्या, प्रक्रिया केलेल्या पाईनमध्ये तांब्याचे क्षार असतात आणि ते जस्ताच्या मुलाम्याला लवकर खातात. अशा लाकडाला साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नये. जाड हॉट-डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेल्या) मुलाम्याचा किंवा स्टेनलेसचा हँगर घ्यावा.

खाडीलगतच्या हवेबद्दलही तेच म्हणावे लागेल. ज्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते, त्यावर प्रत्येक बाजूला जेमतेम २० मायक्रॉनचा थर असतो. ऐरोली, वाशी, कोपरी अशा खाडीकाठच्या भागांत किंवा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या जवळ उघड्यावरच्या छपरासाठी एवढा थर अपुरा आहे. तिथे ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घेणे मला योग्य वाटते, कारण हँगर छताच्या आत झाकला गेल्यावर तो बदलण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. हँगर स्टेनलेसचा असेल तर खिळेही स्टेनलेसचेच हवेत. स्टेनलेसच्या हँगरमध्ये जस्ताचा खिळा ठोकला, तर ओल धरल्यावर आधी तो खिळाच खाल्ला जातो.

फॅब्रिकेटरकडून हँगरऐवजी जाड पत्र्याचे ‘शू’ करून घ्यायचे असतील, तर कापणे, वाकवणे, वेल्डिंग आणि भोके पाडणे हे सगळे उरकल्यावर शेवटी हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग करून घ्यावे. आधी गॅल्व्हनाइज केलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले की जोडाजवळचे जस्त जळून जाते, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. अशा शूला कंपनीच्या तक्त्यातला भार लागू होत नाही, त्याचा हिशेब इंजिनिअरकडूनच घ्यावा लागतो.

## टप्पा ३: खिळे

सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

कंपनीच्या हँगरसोबत कोणता खिळा वापरायचा ते माहितीपत्रकात लिहिलेले असते. तो बहुधा ३.७५ ते ४ मिलिमीटर जाडीचा, अंगावर गोल-गोल खाचा असलेला किंवा पिळाचा खिळा असतो. हार्डवेअरच्या दुकानात मात्र खिळे नंबरावर आणि इंचावर मिळतात, आणि ‘तीन इंची द्या’ एवढेच सांगितले तर हातात बारा नंबरचा खिळा पडण्याची शक्यता असते. आठ नंबरच्या खिळ्याची जाडी ४.०६ मिलिमीटर, दहाच्या खिळ्याची ३.२५ आणि बाराच्या खिळ्याची २.६४ मिलिमीटर असते. नंबर वाढला की खिळा बारीक होतो. बारा नंबरच्या खिळ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ आठ नंबरच्या निम्म्याहूनही कमी भरते. शिवाय तो भोकात सैल राहतो, आणि प्रत्येक झुळकीबरोबर जोड किंचित हलत राहतो. म्हणून दुकानात व्हर्नियर न्यावा आणि खिळा मोजून घ्यावा.

काळे जिप्सम स्क्रू हँगरसाठी कधीही वापरू नयेत. ते कडक पण ठिसूळ असतात. पक्कडीत धरून एक वाकवून पाहिला तर तो वाकण्याआधीच तुटतो, आणि छपरावर आडव्या भाराखाली त्याचे डोके असेच उडते. साधे चिपबोर्ड स्क्रूही त्याच कारणाने बाद ठरतात. स्क्रूच वापरायचे असतील तर ते हँगरसाठी बनवलेले स्ट्रक्चरल स्क्रूच असावेत आणि हँगरच्या कंपनीने त्यांना मान्यता दिलेली असावी. पिवळसर चकाकीचे, नुसते झिंक प्लेटिंग केलेले खिळे-स्क्रू उघड्यावर टिकत नाहीत, कारण त्यांच्यावरचा थर काही मायक्रॉनचाच असतो.

लांबीही जागेनुसार ठरते. बगलेत जी तिरपी भोके असतात, त्यांतून जाणारा खिळा कडीच्या टोकातून आरपार जाऊन तुळईत रुतावा लागतो. तिथे ७५ मिलिमीटरचा पूर्ण लांबीचा खिळा हवा, ३८ मिलिमीटरचा आखूड खिळा तुळईपर्यंत पोहोचतच नाही. याउलट तुळई पातळ असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर हँगर असतील, तर कानांतले लांब खिळे पलीकडून बाहेर येतात किंवा एकमेकांवर आपटतात. तिथे आखूड खिळा वापरून कमी झालेला भार हिशेबात धरावा.

साग, ऐन, साल अशा टणक लाकडात खिळा थेट ठोकला तर तो वाकतो किंवा लाकूड फाडतो. खिळ्याच्या जाडीच्या ७५ टक्के जाडीचे भोक आधी पाडावे; ४ मिलिमीटरच्या खिळ्याला ३ मिलिमीटरचे ड्रिल बरोबर बसते. साडेतीनचे ड्रिल हाताशी आहे म्हणून ते वापरले, तर खिळा फारच सहज आत जातो, मग पकड कसली राहणार?

तपासणी: काम सुरू करण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यात तोच खिळा त्याच भोकातून ठोकून पाहावा. टोकाजवळ चीर पडली किंवा खिळा सहज उपटला गेला, तर ड्रिलचे माप बदलावे.

## टप्पा ४: आखणी

तुळईवर सूत मारून कड्यांच्या वरच्या कडेची रेषा आखावी. बहुतेक सुतार खालची रेषा आखतात आणि सगळे हँगर त्या रेषेवर ठोकतात. पण कड्यांची उंची एकसारखी नसते, दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतोच, आणि मग वरून रीपा किंवा फळ्या लाटेसारख्या बसतात. त्यामुळे प्रत्येक कडी टोकाशी मोजून, तिला क्रमांक देऊन, त्या कडीची उंची वरच्या रेषेतून वजा करून तिच्या हँगरच्या बैठकीची खूण करावी. यात थोडा वेळ जातो, पण पुढे चिपा घालण्याचे काम वाचते.

कडी एका टोकाकडून डोळा लावून पाहावी. बहुतेक कड्यांना थोडा बाक असतो. उंचवटा वरच्या बाजूला येईल अशी खूण करून ठेवावी, म्हणजे भाराने ती सरळ होते. हँगर जिथे येणार तिथे तुळईत मोठी गाठ किंवा चीर असेल, तर कडीची जागा थोडी सरकवावी.

## टप्पा ५: कडीचे टोक कापणे

टोक गुण्याला अचूक काटकोनात कापावे आणि तुळईला भिडावे. फट ३ मिलिमीटरपर्यंत चालते. त्याहून जास्त फट राहिली की कडी बैठकीवर कमी टेकते, आणि तिरपे खिळे फटीतून जाताना वाकतात. दोन तुळयांमधले अंतर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजावे, कारण तुळई किंचित पिळलेली असली तर ही तीन मापे जुळत नाहीत. कापलेल्या टोकाला लगेच लाकूड-संरक्षकाचा हात द्यावा. पाणी सर्वांत आधी टोकातूनच शिरते.

## टप्पा ६: हँगर तुळईला जोडणे

१. कडीच्याच लाकडाचा एक हातभर ठोकळा हँगरच्या आत बसवावा. यामुळे हँगर फाकत नाही आणि बगला कडीला घट्ट बसतील तेवढ्याच अंतरावर राहतात.

२. हँगर खुणेवर धरून बैठक पाणसळीने आणि बगला गुण्याने तपासाव्यात. कानाला टोकदार दाते असतील तर ते ठोकून हँगर तात्पुरता धरून ठेवावा. या दात्यांचा भारासाठी काहीही उपयोग नाही.

३. एका कानात एक वरचा आणि एक खालचा खिळा ठोकावा, पुन्हा पाणसळ लावावी, मगच दुसरा कान ठोकळ्याला घट्ट आवळून ठोकावा.

४. त्यानंतर दोन्ही कानांतली सगळी गोल भोके भरावीत. त्रिकोणी भोके पूर्ण भार घ्यायचा असेल तेव्हाच भरायची असतात. आपल्या वाऱ्याचा विचार करता ती भरलेली बरी, मात्र माहितीपत्रकात तशी परवानगी आहे का ते पाहावे.

खिळ्याचे डोके पत्र्याला टेकले की थांबावे. आणखी घाव घातले तर पत्रा दबतो, भोक ताणले जाते, आणि वरून घट्ट दिसणारा जोड आतून कमकुवत होतो. एअर नेलरने (हवेच्या दाबाने खिळे मारणाऱ्या यंत्राने) भोकाच्या शेजारी पत्र्यातून आरपार मारलेला खिळा धरायचा नाही. नेलरचे टोक भोक शोधणारे असेल तरच तो हँगरसाठी वापरावा.

इशारा: भोक मोठे करून बोल्ट घालू नये. कान वाकवून पुन्हा सरळ करू नये, वाकवलेल्या रेषेवर पत्र्याला बारीक तडे जातात.

## टप्पा ७: कडी बसवणे

कडी वरून हँगरमध्ये उतरवावी आणि बैठकीवर पूर्ण टेकेपर्यंत वरून लाकडी हातोड्याने दाबून घ्यावी. नंतर दोन्ही टोकांना बैठक आणि कडी यांच्यात व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहावे. कार्ड आत गेले तर कडी बैठकीवर नाही. ती काढून पुन्हा बसवावी किंवा बैठकीच्या पूर्ण रुंदीचा पातळ पत्रा घालावा. या तपासणीआधी बगलेत एकही खिळा मारायचा नाही. एकदा बगलेतले खिळे ठोकले की कडी तिथेच अडकते.

मग बगलांतले खिळे. तिरप्या भोकांना पत्र्यात उठाव दिलेला असतो, त्या उठावाच्या दिशेनेच, साधारण ४५ अंशांत खिळा ठोकावा. टणक लाकडात इथे ड्रिल लांब लागते, आणि तेही त्याच कोनात धरावे लागते.

सगळे खिळे होईपर्यंत कडीवर उभे राहू नये आणि तिच्यावर कौलांचे ढीग ठेवू नयेत.

## जिथे नेहमीचा हँगर चालत नाही

उतरते वासे. साध्या हँगरची बैठक सपाट असते, त्यामुळे उतरता वासा तिच्या एका कडेवरच टेकतो आणि तिथे लाकूड चेपते. उतारासाठी बैठक फिरवता येणारा हँगर मिळतो, तो घ्यावा. तो न मिळाल्यास वासा तुळईच्या वर खाच पाडून टेकवणे जास्त सुरक्षित आहे. साधा हँगर हातोडीने वाकवून उतार काढणे टाळावे.

तुळईचे टोक किंवा भिंतीचा कोपरा. कानाला जागा नसते म्हणून तो ग्राइंडरने कापला जातो. कान गेला की अर्धे खिळे गेले आणि हँगर एका बाजूला पिळतो. कान आतल्या बाजूला वळवलेले हँगर यासाठीच मिळतात, किंवा कडी तीन-चार इंच आत सरकवावी.

आरसीसी किंवा भिंत. खिळ्यांसाठी असलेला हँगर काँक्रीटला रॉल प्लगने लावू नये. आरसीसी बीमला अँकर बोल्टने लाकडी पट्टी किंवा तुळई पक्की करावी, लाकूड आणि काँक्रीट यांच्यात ओल अडवणारा पडदा ठेवावा, आणि हँगर त्या लाकडाला बसवावेत. पॅरापेटची अर्धवीट भिंत किंवा एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) यांच्यावर छपराचा भार टाकूच नये.

## टप्पा ८: वर उचलणाऱ्या वाऱ्याविरुद्ध पट्ट्या

बाजू उघड्या असलेल्या छपरात दर कडीला, निदान कडेच्या दोन-दोन कड्यांना, तुळईवरून कडीवर येणारी गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसची पट्टी ठोकावी. कडेला वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते. तुळई खांबाला आणि खांब खालच्या बीमला तितकेच पक्के नसतील, तर पट्टी नुसती शोभेची राहते.

## झाकण्याआधीची तपासणी आणि पुढची देखभाल

खालून फळी किंवा पीव्हीसीचे छत लावण्याआधी प्रत्येक हँगरचा जवळून फोटो काढून ठेवावा. फोटोत सगळी भोके, बैठक आणि टोकाची फट दिसली पाहिजे. दोन-तीन हँगरमधला एकेक खिळा उपटून त्याची जाडी मोजावी. ठेकेदाराने मध्येच खिळा बदलला असेल तर तो इथे सापडतो. तुळईच्या आणि कड्यांच्या वरच्या कडेवर ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) लावली, तर खिळ्यांच्या चिरांत पाणी मुरत नाही.

दरवर्षी पाऊस संपल्यावर टॉर्च घेऊन हँगर पाहावेत. पांढरी भुकटी दिसली तर जस्त झिजते आहे, लक्ष ठेवावे. खिळ्याच्या डोक्याभोवती किंवा बैठकीच्या वळणावर तांबूस गंज असेल, तर तो हँगर बदलावा. बदलताना आधी कडीच्या खाली, टोकापासून फूटभर आत, जॅक लावून भार हलका होईपर्यंत उचलावा. मगच बगलेतले आणि शेवटी कानांतले खिळे काढावेत. नवा हँगर जुन्या खिळ्यांच्या भोकांवर बसवू नये. ती भोके लाकडी खुंट्या व इपॉक्सीने भरून हँगर थोड्या वेगळ्या रचनेचा घ्यावा, म्हणजे नवे खिळे भरीव लाकडात जातील, आणि सगळे खिळे पूर्ण झाल्यावरच जॅक उतरवावा.